हंतावदीकार

बर्मी माणसाला आडनाव नसतं. बापाचं नावही मागे लागत नाही. त्यामुळे एकाच नावाची माणसं गल्लोगल्ली भेटतात, आणि आपण नेमकं कुणाबद्दल बोलतोय हे कळावं म्हणून लोक नावाच्या पुढे काहीतरी खूण जोडतात. कधी गावाची, कधी धंद्याची. मला ज्या माणसाबद्दल लिहायचंय, त्याच्या नावापुढे लोकांनी एक वर्तमानपत्र जोडलं. हंतावदी ऊ विन टिन. 'ऊ' हा आपल्या 'राव'सारखा आदराचा शब्द. 'हंतावदी' हे मंडालेहून निघणारं दैनिक. संपादकाच्या खुर्चीतून ते १९७८ मध्ये उठले ते कायमचे, आणि वारले २०१४ मध्ये. मधल्या छत्तीस वर्षांत वर्तमानपत्र राहिलं नाही, खुर्ची राहिली नाही, घर राहिलं नाही, तोंडातले दातही राहिले नाहीत. नावापुढचं 'हंतावदी' तेवढं राहिलं.

आपल्याला ही रीत परकी नाही. शिवरामपंत परांजपे आपल्याकडे अजून 'काळकर्ते' आहेत, चिपळूणकर 'निबंधमालाकार' आहेत. पत्र बंद पडतं आणि पत्राचं नाव माणसाला चिकटून पुढे चालत राहतं. म्हणून मी विन टिन यांना मनातल्या मनात मराठी नाव देऊन टाकलंय : हंतावदीकार. हा शब्द जरा उलगडून बघण्यासारखा आहे. हंतावदी म्हणजे पेगूच्या जुन्या राज्याचं नाव. मूळ पाली शब्द हंसावती. बर्मी जीभ 'स'चा 'थ' करते, आणि हंसाची नगरी हंतावदी होते. हंस म्हटला की आपल्याला दूध आणि पाणी वेगळं करणं आठवतं. संपादकाच्या कामाला याहून नेमकं चित्र मला कधी सापडलं नाही.

दुसरा योग असाच. 'हंतावदी'च्या आधी ते रंगूनच्या 'क्येमोन' दैनिकात कार्यकारी संपादक होते. 'क्येमोन' म्हणजे आरसा. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढलं त्याचं नाव 'दर्पण'. कुणी कुणाचं पाहून ठेवलेलं नाव नाही. पण दोन भाषांत वर्तमानपत्र काढायला निघालेल्या माणसांना एकच वस्तू सुचावी, याचा मला आनंद होतो.

मी आयुष्यातली बरीच वर्षं रात्रपाळीच्या डेस्कवर काढली. त्यामुळे विन टिन यांच्या चरित्रातली एक बारीकशी नोंद आधी माझ्या डोळ्यांत भरली. उमेदीच्या काळात ते एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेत रात्रीचे संपादक होते. जगातल्या कुठल्याही भाषेतला रात्रपाळीचा उपसंपादक एकाच गोष्टीशी झगडत असतो, ती म्हणजे जागा. बातम्या ढिगानं येतात, पान तेवढंच राहतं. कुठली बातमी घ्यायची, कुठली मारायची, कुठली चौकटीत बसवायची, कुठल्या ओळीवर कापली तर जीव जाणार नाही, हे पान सोडायच्या आत ठरवावं लागतं. ही सवय एकदा हाताला लागली की घरातलं पत्रसुद्धा माणूस कापून लिहितो. विन टिन यांचं पुढचं सगळं आयुष्य मी याच नजरेनं वाचतो. त्यांची जागा वर्षागणिक कमी होत गेली. आठ कॉलमांच्या पानावरून ती एका भिंतीवर आली, भिंतीवरून एका शर्टावर आली. आणि जागा जितकी कमी झाली तितकं लिखाण स्वच्छ होत गेलं.

१२ मार्च १९३० चा जन्म. देश १९४८ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा अठराच्या आसपास. १९५४ ते १९५७ हॉलंडमध्ये एका प्रकाशनसंस्थेत काम. परतल्यावर 'क्येमोन'. ऊ थाउंग यांनी १९५७ मध्ये काढलेलं हे पत्र लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. ब्रह्मदेशाची पत्रकारिता तेव्हा आशियातल्या मोकळ्या पत्रकारितांपैकी एक गणली जायची. मग २ मार्च १९६२ ला जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. पुढच्या वर्षी एडवर्ड लॉ-योन यांचं इंग्रजी 'नेशन' बंद झालं आणि ते तुरुंगात गेले. १९६४ मध्ये 'क्येमोन' सरकारनं ताब्यात घेतलं, ऊ थाउंगही तुरुंगात गेले. थोड्याच वर्षांत देशात खासगी दैनिक उरलं नाही.

सरकारजमा झालेल्या वर्तमानपत्रात राहायचं की बाहेर पडायचं? विन टिन राहिले. या निर्णयाला नाक मुरडणारे मी पाहिलेत. मला तसं वाटत नाही. बाहेर पडायला दुसरं वर्तमानपत्रच नव्हतं. ज्याला हेच काम येतं, त्यानं यंत्र दुसऱ्याच्या मालकीचं झालं म्हणून पान लावणं सोडायचं का? १९६९ मध्ये 'हंतावदी' मंडालेहून निघू लागलं आणि ते तिथले मुख्य संपादक झाले.

त्या मंडालेत एक जखम ओली होती. 'लुडू' म्हणजे 'जनता' या नावाचं तिथलं दैनिक लष्करी सरकारनं ७ जुलै १९६७ रोजी बंद केलं होतं. ते चालवणारं जोडपं ऊ ह्ला आणि डॉ अमार. (हा 'डॉ' आपल्या 'बाई'सारखा, पदवीचा नव्हे.) लोक त्यांनाही लुडू ऊ ह्ला आणि लुडू डॉ अमार असंच म्हणत. म्हणजे या गावाला पत्राच्या नावानं माणूस ओळखायची सवय आधीपासून होती. अशा गावात राजधानीतून सरकारी पत्राचा संपादक म्हणून येणं, आणि नऊ वर्षांनी जाताना त्याच पंगतीतलं नाव घेऊन जाणं, ही मला विन टिन यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी कमाई वाटते. लोक असं नाव हुकमानं देत नाहीत. ज्या पत्राचा मालक लष्कर होतं ते पत्र वाचकांनी 'विन टिनचं' म्हणून ओळखलं, यातच सगळं आलं.

ती नऊ वर्षं कशानं संपली? एका शनिवारच्या वाचनमंडळानं. गावातली लिहिती-वाचती माणसं जमत, कुणीतरी निबंध वाची, चर्चा होई. आपल्या वसंत व्याख्यानमालेला किंवा नगर वाचन मंदिराच्या माडीवर जमतात तशी माणसं. १९७८ मध्ये त्या मंडळात सरकारच्या कारभारावर टीका करणारा एक निबंध वाचला गेला. त्यापायी विन टिन यांची नोकरी गेली आणि 'हंतावदी' बंद पडलं. छापलेला शब्दही नव्हता तो. खोलीत बसलेल्या चार लोकांनी ऐकलेला.

मंडाले हे नाव मराठी माणसाला ऐकू येतं ते लोकमान्यांच्या आवाजात. 'केसरी'तल्या अग्रलेखांसाठी टिळकांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात काढली. तिथं त्यांना शाई मिळत नव्हती, पण पेन्सिल मिळत होती. पानं मोजून, आकडे घालून बांधलेल्या वह्या मिळत होत्या. पुण्याहून पुस्तकं मागवता येत होती. 'गीतारहस्य' अशा पेन्सिलीनं लिहिलं गेलं. एक संपादक परक्या सरकारचा कैदी म्हणून त्या गावात राहिला. साठ वर्षांनी दुसरा तिथं संपादक म्हणून आला आणि पुढे आपल्याच सरकारचा कैदी झाला. दोघांची तुलना करायचा मोह मी आवरतो. पण एक फरक डोळ्याआड करता येत नाही. विन टिन यांना त्यांच्याच देशाच्या सैन्यानं पेन्सिलही दिली नाही.

१९८८ चा उठाव, त्यात रस्त्यावर पडलेली माणसं, १८ सप्टेंबरला लष्करानं पुन्हा थेट हातात घेतलेली सत्ता, त्याच महिन्यात स्थापन झालेला नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी पक्ष, हा इतिहास परिचयाचा आहे. विन टिन त्या पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, त्याचे सचिव आणि आँग सान सू ची यांचे जवळचे सल्लागार. ४ जुलै १९८९ ला त्यांना धरलं. वय एकोणसाठ. आपल्याकडे या वयात लोक निवृत्तीची कागदपत्रं गोळा करतात. आधी तीन वर्षांची शिक्षा झाली, मग ती वाढवली, मग आणखी वाढवली. ठिकाण रंगूनच्या कडेचा इनसेन तुरुंग, इंग्रजांनी बांधलेला.

इथं विटेची गोष्ट येते. कागद-पेन नाही म्हटल्यावर त्यांनी कोठडीतल्या विटेची भुकटी केली, ती पाण्यात कालवली आणि भिंतीवर कविता लिहिल्या. हे वाक्य मी अनेक ठिकाणी वाचलं होतं, आणि दर वेळी पुढे गेलो होतो. एकदा रविवारी बसून करून पाहिलं. घरामागं पडलेल्या विटेचा तुकडा फरशीवर घासला. मूठभर भुकटीला बराच वेळ लागतो आणि बोटांची कातडी सोलवटते. पाणी जास्त झालं तर भुकटी तळाला बसते आणि वर नुसतं गढूळ पाणी. कमी झालं तर चिखल होतो, रेघ उठत नाही. चटईची काडी चावून तिचा कुंचला केला. एकदा बुडवली की दोन अक्षरं, तिसऱ्याला रंग संपतो. ओलं असताना अक्षर गडद तांबडं दिसतं, वाळलं की फिकं गुलाबी. बोट लागलं तर पुसलं जातं. तासाभरात माझ्या एकोणीस शब्दांच्या दोन ओळी झाल्या. त्यातले सहा शब्द मी लिहिता लिहिताच गाळले, कारण हात दुखत होता आणि ते नसते तरी चाललं असतं.

तेव्हा मला त्या भिंतीचा अर्थ लागला. जिथं प्रत्येक अक्षराला वीट घासावी लागते तिथं फुगीर शब्द येऊच शकत नाही. बर्मी लिपी गोल आहे, सगळी वर्तुळं आणि अर्धवर्तुळं. ताडपत्रावर सरळ रेघ मारली तर पान फाटतं, म्हणून ती गोल झाली, असं म्हणतात. फाटणाऱ्या पानावर न फाडता लिहिण्याची शिस्त त्या लिपीच्या वळणातच आहे. भिंतीवर गुलाबी वर्तुळं काढणारा साठीचा माणूस मी डोळ्यांसमोर आणतो तेव्हा मला त्यात वीररस दिसत नाही. कामात गढलेला माणूस दिसतो. त्या अंकाची प्रत एक, वाचकही एक.

पण एका वाचकावर समाधान मानेल तो संपादक कसला! इनसेनमधल्या राजबंद्यांनी हातानं लिहिलेली नियतकालिकं काढली. कोठडीतून कोठडीत ती फिरत. विन टिन आणि त्यांचे सोबती त्यात होते. त्याच माणसांनी १९९५ मध्ये तुरुंगातल्या हालांची एक लेखी साक्ष तयार केली : मारहाण, उपचारांवाचून ठेवलेले आजारी, कोंडून घातलेली माणसं. ती संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी योझो योकोता यांच्यासाठी होती. मला या दोन कामांचं एकत्र असणं फार मोलाचं वाटतं. एकीकडे साहित्य, दुसरीकडे बातमी. चांगल्या वर्तमानपत्रात असतात तशी दोन्ही. आणि बातमी कशी हवी याचं भान असं, की ती ज्यानं वाचायला हवी त्याचं नाव आधी ठरलेलं. नोव्हेंबर १९९५ मध्ये झडती झाली, कागद सापडले. मार्च १९९६ मध्ये तुरुंगाच्या आतच खटला चालवून अनेकांची शिक्षा वाढवली. विन टिन यांचीही. त्यांना लष्करी कुत्र्यांसाठी बांधलेल्या कोठडीत टाकलं, अंथरूणही न देता. एका हस्तलिखिताला यापेक्षा मोठी पावती देणारं सरकार मला माहीत नाही. ते घाबरलं होतं.

सुटकेचा दरवाजा मात्र सतत किलकिला होता. राजकारण सोडतो असं लिहून द्यायचं आणि सही करायची. अधिकारी येत, कागद पुढे करत. विन टिन यांना हृदयविकार जडलेला, दात गेलेले. ते सही करत नसत. याला लोक निश्चय म्हणतात, आणि तो होताच. मला त्यात आणखी एक पदर दिसतो. आपल्या धंद्यात अग्रलेखाखाली सही नसते. संपादक जन्मभर बिनसहीचं लिहितो, आणि तरी वाचकाला ठाऊक असतं की हे कुणाचं. जो मजकूर आपला नाही त्याच्याखाली आपलं नाव घालणं हे अशा माणसाला राजकीय तडजोडीच्याही आधी धंद्यातलं पाप वाटणार. खोट्या मजकुराला खरी सही. ते त्यांनी एकोणीस वर्षं केलं नाही.

२३ सप्टेंबर २००८ ला सरकारनं ९,००२ कैद्यांना माफी दिली, त्यात ते सुटले. एकोणीस वर्षं, दोन महिने आणि काही दिवस. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले होते. माफी घ्यायलाही ते तयार नव्हते, कारण माफी गुन्ह्याला असते. बाहेर आले ते तुरुंगाचा निळा शर्ट अंगावर ठेवूनच. आणि म्हणाले, शेवटचा राजबंदी सुटेपर्यंत हा उतरणार नाही.

त्यानंतरचा त्यांचा कुठलाही फोटो काढा. पांढरेशुभ्र केस मागे वळवलेले, मोठा चष्मा, खाली लुंगी आणि वर तो निळा शर्ट. मित्राच्या आवारातल्या लहानशा घरात निळा, पक्षाच्या कचेरीत निळा, परदेशी पाहुण्यांसमोर निळा. पान कसं वाचायचं ते ज्याला येतं त्यानं हा शर्ट वाचून पाहावा. मजकूर नाही, मथळा नाही, घोषणा छापलेली नाही. नुसता रंग. ज्यांना माहीत आहे त्यांना दुरून कळतो. ज्यांना माहीत नाही ते विचारतात, आणि विचारलं की आत असलेल्या माणसांचा विषय निघतो. रोज धुतला जाणारा आणि रोज पुन्हा निघणारा हा अंक. सेन्सॉरकडे काळी शाई होती, रुपेरी शाई होती, पानं फाडायचे अधिकार होते. शर्टावर काय खोडणार?

बाहेर आल्यावर ते लिहीत राहिले, २०१० मध्ये तुरुंगातल्या दिवसांचं पुस्तकही आलं. पण त्यांचा संपादकीय हात मला सर्वांत लख्ख दिसतो तो त्यांच्या एका बोललेल्या वाक्यात. सू ची नजरकैदेतून सुटल्या होत्या, संसदेत गेल्या होत्या, सेनाधिकाऱ्यांशी जुळवून घेत होत्या. विन टिन यांना ते पटत नव्हतं. ते मुलाखतीत म्हणाले त्याचा आशय असा : आमच्यातल्या काही जणांना लष्कर बंगालच्या उपसागरात ढकलायचंय, आणि त्यांना मात्र ते कांडोजी तळ्यातच ढकलायचंय.

या वाक्यात राजकारणाचा एकही शब्द नाही. तरी दोन भूमिकांमधलं अंतर त्यात मैलांत मोजून दिलंय. आधी भूगोल बघा. उपसागर शहराच्या बाहेर, नदी संपते त्याच्या पुढे. तिथं गेलेलं परत येत नाही. कांडोजी रंगून शहराच्या पोटात. काठानं लोक संध्याकाळचे फिरतात, मुलं खेळतात. म्हणजे सेनाधिकारी तळ्यात असले तरी शहरातच असणार. आता खोली बघा. हे तळं माणसांनी केलेलं आणि उथळ आहे. उभ्या माणसाच्या छातीच्या वर त्याचं पाणी जात नाही. त्यात ढकललेला शिपाई भिजेल, थोडा लाजेल, आणि उठून काठावर येईल. रंगूनचा कुठलाही माणूस हे न सांगता समजतो. आणि वाक्याचा स्वर बघा. सू ची यांच्याबद्दल एक कडू शब्द नाही. ढकलायचं त्यांनाही आहेच, एवढं श्रेय देऊन मग किती अंतरावर ते सांगितलंय. ज्या मैत्रिणीसाठी एकोणीस वर्षं भोगली तिच्याशी मतभेद असा मांडायचा, हे कागदावर वीस वाक्यांत जमत नाही. विटेनं लिहिण्याची सवय असलेल्यालाच ते एका वाक्यात जमतं.

२० ऑगस्ट २०१२ रोजी छपाईपूर्व सेन्सॉरशिप उठली. १ एप्रिल २०१३ पासून खासगी दैनिकं पुन्हा निघू लागली, जवळजवळ अर्ध्या शतकानंतर. विन टिन यांनी ती पाहिली, याचं मला बरं वाटतं. १ फेब्रुवारी २०२१ ला सेनाधिकारी तळ्यातून उठून काठावर आले, पुन्हा सत्ता घेतली, तेव्हा विन टिन नव्हते. मोकळी दैनिकं पुन्हा बंद झाली. 'क्येमोन' अजून निघतं, सरकारचं म्हणून.

२१ एप्रिल २०१४ ला रंगूनच्या इस्पितळात ते गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. तुरुंगांमधून तेव्हा बरेच राजबंदी सुटले होते, सगळे सुटले नव्हते. म्हणून शर्ट उतरला नव्हता. अंत्ययात्रेला लोक लोटले, आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी निळे शर्ट घातले होते. म्हाताऱ्यांनी, तरुण पोरांनी, तुरुंगातून आलेल्यांनी आणि तुरुंग न पाहिलेल्यांनीही. तुरुंगात गेल्यापासून ज्याच्या अंकाची एकच प्रत निघत आली, त्याच्या त्या दिवशीच्या प्रती रस्ताभर चालत होत्या.